दहा प्राणांपैकी दोन : क्षीणदृष्टी व क्षीणश्रवण वृद्धांची शुश्रूषा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका परिचारिकेला व्यासपीठावर बोलवावे आणि तिला म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांविषयी व कानांविषयी बोलावयास सांगावे, हे विश्वस्तांच्या विचारीपणाचेच लक्षण मी समजते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी दारोदार फिरून या संस्थेसाठी वर्गणी गोळा केली, त्यांपैकी जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतील काहीजण या सभागृहात बसलेही असतील. आणि मी काय बोलते आहे हे त्यांना नीट ऐकू येत नसेल. तेव्हा विषय परका नाही.

आपल्या शास्त्रात प्राण दहा सांगितले आहेत. पाच इंद्रिये, मन, वचन व काया ही तीन बले, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. पाठशाळेत आपण सर्वांनी हे पाठ केलेले आहे. पण पाठांतराच्या ओघात एक गोष्ट निसटून जाते, ती ही की, येथे इंद्रियांना शरीराचे अवयव म्हटलेले नाही, प्राण म्हटले आहे. चक्षू हा प्राण आहे, श्रोत्र हा प्राण आहे. आणि हिंसेची व्याख्या करताना तत्त्वार्थसूत्रकारांनी प्रमादाने झालेला प्राणांचा घात असेच म्हटले आहे. मग ज्या घरात आजोबांचा चष्मा तुटून सहा महिने झाले आणि दुकानात जाण्यास कोणास सवड झाली नाही, त्या घरात काय घडते आहे? श्रवणयंत्राची बॅटरी संपली म्हणून ते कपाटात पडून राहिले आणि आजी दिवसेंदिवस गप्प होत गेल्या, तेथे काय घडते आहे? मी पंडित नाही. याचा निर्णय आपण विद्वज्जनांना विचारावा. परिचारिका म्हणून मला मात्र तो प्रमादच वाटतो.

आपल्या समाजात या विषयाला एक आगळी गुंतागुंत आहे. अन्य घरांत म्हातारा माणूस बोलेनासा झाला, सभेत येईनासा झाला, जेवण कमी करू लागला, की घरचे म्हणतात, वय झाले, भ्रमिष्ट झाले. आपल्याकडे म्हणतात, अंतर्मुख झाले, वैराग्य आले. हे ऐकून मला भीती वाटते. वैराग्य ही फार मोठी वस्तू आहे. ज्यांना ते आले त्यांच्या चरणी माझे वंदन. परंतु गेल्या पस्तीस वर्षांत ज्यांच्या वैराग्याची मला घरच्यांकडून कौतुकाने माहिती मिळाली, त्यांपैकी कित्येकांच्या कानांत मळाचा घट्ट बोळा होता. एका आजींनी दोन वर्षे प्रवचनाला जाणे सोडले होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ मऊ होण्याचे थेंब दिले, चार दिवसांनी कान स्वच्छ केला, आणि बाहेरच्या रिक्षाचा आवाज ऐकून त्या दचकल्या. पुढच्या रविवारी त्या प्रवचनाला पहिल्या रांगेत होत्या. अर्थात प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. तथापि माणसाच्या मौनाचा अर्थ लावण्याआधी त्याचे कान व डोळे तपासून घ्यावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत २०१७ साली श्रवणऱ्हासाचा समावेश केला आणि २०२४ च्या अहवालात उपचार न झालेल्या दृष्टिदोषाची भर घातली. तेव्हा हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही.

प्रथम डोळ्यांविषयी. विशीतील माणसाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणजे आपल्याला जी खोली पुरेशी उजेडाची वाटते, ती त्यांना तिन्हीसांजेसारखी असते. त्यात मोतीबिंदू असेल तर सर्वच धूसर दिसते. काचबिंदूत बाजूचे दिसणे आधी जाते. असा माणूस समोरचे वर्तमानपत्र वाचतो आणि शेजारच्या स्टुलाला अडखळतो, म्हणून लोक त्याला वेंधळा म्हणतात. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला असेल तर उलट घडते. चालता येते, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि मग ‘ओळख असून बोलत नाहीत’ असा रुसवा पदरी पडतो. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. ती जुन्या काळच्या शस्त्रक्रियेची होती. आज पिकण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. थेंबांनी उरलेली राखता येते, म्हणून थेंब एक दिवसही चुकता कामा नयेत.

आणि येथेच आपल्या आचारधर्माशी गाठ पडते. चौविहार पाळणारे एक वयोवृद्ध गृहस्थ रात्रीचे थेंब घालू देत नसत. त्यांचे म्हणणे असे की, थेंब घातला की घशात कडवट चव येते, मग सूर्यास्तानंतर मुखात काही गेले असे होत नाही का? त्यांची शंका खोटी नव्हती. डोळ्यातून नाकात व घशात उतरणारी सूक्ष्म वाट असते आणि औषध तिच्यातून खाली येते. घरच्यांनी त्यांना हट्टी ठरवले होते. वास्तविक डॉक्टरांना व्रताची कल्पना दिली असता ते पुष्कळदा थेंबांची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून देऊ शकतात. शिवाय थेंब घातल्यावर डोळा मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरले, की औषध घशात फारसे उतरत नाही आणि डोळ्यालाही अधिक लाभते. व्रतही राहते, दृष्टीही राहते. मात्र त्यासाठी आधी त्या माणसाला ‘का नको?’ असे शांतपणे विचारावे लागते.

सायंकाळच्या भोजनाविषयी थोडे विस्ताराने बोलते, कारण याकडे कोणाचे लक्ष गेलेले मी पाहिले नाही. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. साडेपाचला पंगत बसते. बाहेर उजेड आहे म्हणून भोजनगृहातील दिवे लावलेले नसतात, आणि आत तर क्षीणदृष्टी माणसाला सर्वांत अवघड असा संधिप्रकाश असतो. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात, त्यावर दही. त्यांना ताटात केवळ एक चकाकी दिसते. हात चाचपडतो, वाटी कलंडते, शेजारचा पाहतो, आणि अभिमानी माणूस ‘पुरे झाले’ म्हणून उठतो. सूर्यास्तानंतर त्यांना काही देता येत नाही; दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत ते उपाशी. महिन्याने वजन घटले की आपण म्हणतो, आहार आपोआप कमी झाला. ज्यांना जेवायला वेळ लागतो त्यांचे ताट पाऊण तास आधी मांडावे. दिवे दुपारी लावावे लागले तरी लावावेत. भातासाठी गडद रंगाचे ताट घ्यावे, ताटाखाली वेगळ्या रंगाचा कपडा अंथरावा. वाढणाऱ्याने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावे : अण्णा, बाराच्या जागी वरण आहे, तीनच्या जागी भाजी, सहाच्या जागी पोळी, पाणी उजव्या हाताला. आणि रोज तीच मांडणी ठेवावी. सेविका बदलली म्हणून वाटीची जागा बदलू नये. याला पैसा लागत नाही.

मंदिराविषयी बोलताना मी थोडी भीतभीतच बोलते. आपली मंदिरे शुभ्र संगमरवराची, हे आपले भूषण. परंतु शुभ्र पायरीवर शुभ्र पायरी, त्यावर उन्हाची तिरीप, आणि अभिषेकानंतर सांडलेले पाणी, अशा ठिकाणी क्षीणदृष्टी माणसाला पायरीची कड दिसतच नाही. खुब्याचे हाड मोडून आलेल्या आजी-आजोबांना ‘कोठे पडलात?’ विचारले की ‘दर्शनाला गेले होते’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंदीची गडद पट्टी आणि एका बाजूला धरावयास कठडा, एवढ्याने पुष्कळ अपघात टळतील. शिल्पशोभेला बाध येतो असे कोणी म्हणेल. त्यांनी एकदा वितभर धूसर काच डोळ्यांपुढे धरून पायऱ्या उतरून पाहाव्यात.

आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली, त्यामागे क्षीण होत चाललेली दृष्टी हे कारण होते, हे आपणांस ठाऊक आहे. पावलाखालचा जीव दिसत नसेल तर ईर्यासमिती पाळली कशी जाणार, ही त्या महामुनींची कसोटी. ती महाव्रतींची कसोटी होय. गृहस्थाश्रमातील आजी-आजोबांना ती लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी तिचा उल्लेख इतक्यासाठी केला की, डोळ्याची किंमत आपल्या परंपरेने केवढी मानली आहे ते त्यातून कळावे.

आता कान. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स्वर ऐकू येतात, व्यंजने हरवतात. ‘ताक’, ‘पाक’ आणि ‘चाक’ हे शब्द केवळ पहिल्या व्यंजनाने वेगळे. ते व्यंजनच हरवले की तिन्ही सारखे. म्हणून वृद्ध म्हणतात, ‘ऐकू येते, पण कळत नाही.’ हे वाक्य शब्दशः खरे असते. आपण मात्र ओरडतो. ओरडण्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने होतीतच असे नाही. शिवाय अशा कानाला एका मर्यादेपलीकडचा आवाज सहन होत नाही, तो दुखतो. मग ते रागावून म्हणतात, ‘ओरडतेस कशाला?’ आणि आपण म्हणतो, बघा, हवे तेव्हा बरोबर ऐकू येते! या एका गैरसमजातून किती घरांत कटुता आली असेल, त्याची गणती नाही. समोर यावे, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहावे, आवाज खालच्या पट्टीत ठेवून सावकाश बोलावे. आम्हा स्त्रियांना तर हे मुद्दाम शिकावे लागते. आणि एक वाक्य दोनदा सांगून कळले नाही तर तेच तिसऱ्यांदा न घोकता शब्द बदलून सांगावे. २०२० व २०२१ मध्ये तोंडावर मुखपट्टी आली, तेव्हा कित्येक वृद्धांचे ऐकणे एकदम कमी झाले असे वाटले. त्यांचे कान तेच होते. आजवर ते ओठांवरून किती वाचत होते, हे आपल्याला तेव्हा कळले.

स्थानकवासी परंपरेत साधु-साध्वींच्या मुखावर मुखवस्त्रिका असते. तेथे ओठ दिसण्याचा प्रश्न नाही, आणि मर्यादेत बदल सुचविण्याचा तर नाहीच नाही. पण प्रवचनाचा विषय व मुख्य मुद्दे मोठ्या अक्षरात छापून आधी हातात देता येतात. पंखे व ध्वनिक्षेपक यांविषयीही सांगावेसे वाटते. ऐकू येत नाही अशी तक्रार आली की आपण ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवतो. संगमरवरी सभागृहात तो घुमतो आणि श्रवणयंत्रातून तर केवळ गोंगाट ऐकू येतो. यावर इंडक्शन लूप नावाची एक सोय आहे. सभागृहाभोवती तारेचे वेटोळे बसवतात आणि ज्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल आहे त्यात वक्त्याचा आवाज सरळ उतरतो, मधला गोंगाट वगळून. ट्रस्टने नूतनीकरणाच्या वेळी याचा अवश्य विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

श्रवणयंत्र घेऊन दिले की कर्तव्य संपले, असे पुष्कळांना वाटते. यंत्र कानात गेले पाहिजे, आणि ते घालणाऱ्याला नीट दिसत नसेल तर ते दुसऱ्यानेच घालावे लागते. नीट बसले नाही की ते शिटी वाजवते. रात्री काढून बॅटरीचे दार उघडे ठेवावे, कानातला साचा दररोज कोरड्या कपड्याने पुसावा. नव्या बॅटरीवरचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी आणि मगच ती बसवावी. जुनी बॅटरी टेबलावर ठेवू नये. क्षीणदृष्टी माणूस गोळी समजून ती गिळण्याचा धोका असतो.

डोळे व कान दोन्ही एकदम क्षीण होतात, तेव्हा सेवेची खरी परीक्षा लागते. ज्याला दिसत नाही तो ऐकून भरपाई करतो, ज्याला ऐकू येत नाही तो पाहून करतो. ज्याची दोन्ही गेली त्याला भरपाई कशाने करावी? इंद्रियांचा जो क्रम आपण शिकलो त्यात स्पर्शन पहिले आहे. एकेंद्रिय जीवालाही ते असते. चक्षू आणि श्रोत्र हे वरच्या पायऱ्यांवर मिळतात, आणि म्हातारपणी बहुधा तेच आधी क्षीण होतात. स्पर्श शेवटपर्यंत साथ देतो. अशा माणसाशी सारा व्यवहार स्पर्शाने करावयाचा असतो, आणि दुर्दैवाने आपण त्यांना स्पर्श करतो तो बहुतेक उचलण्यासाठी, कूस पालटण्यासाठी आणि अंघोळीसाठी.

त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अंधार आहे, शांतता आहे, आणि अचानक दोन हात येऊन तुम्हाला उचलतात. किंवा अंगावर पाण्याचा तांब्या पडतो. माणूस किंचाळतो, हात झटकतो. नोंदवहीत लिहिले जाते, ‘आक्रमक झाले’. प्रथम दंडावर हात ठेवून क्षणभर थांबावे. प्रत्येक सेविकेची आपली एक खूण असावी : एकीने मनगटावरची बांगडी हाताला लावावी, दुसरीने तळहातावर दोनदा थोपटावे. आजींना चार दिवसांत कळते, आज कोण आले आहे. अंघोळीआधी ओला पंचा हातात द्यावा, जेवणाआधी वाटीचा उबारा बोटांना जाणवू द्यावा, औषधाआधी पेला हातात द्यावा. चालताना त्यांना ढकलू नये. त्यांनी आपले कोपर धरावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे राहावे. आणि जाताना, ‘आक्का, मी जाते’ हे स्पर्शाने सांगून जावे. रिकाम्या खुर्चीशी बोलत बसलेला माणूस पाहण्यासारखे दुःख नाही. ज्यांना अक्षरे येतात त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढून बोलता येते. पाठशाळेतील मुले हे फार लवकर शिकतात. मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची संस्था १९७७ पासून अंधबधिरांच्या शिक्षणाचे कार्य करीत आहे. आपल्या सेविकांना अशा ठिकाणी प्रशिक्षणास पाठविता येईल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिच्यामुळे घरोघरी घबराट होते. दृष्टी फार कमी झालेल्या काही वृद्धांना नसलेली चित्रे दिसू लागतात : अंगणात मुले, भिंतीवर फुले, कधी मिरवणूक. चार्ल्स बॉनेट या जिनिव्हाच्या विद्वानाने मोतीबिंदू झालेल्या आपल्या आजोबांचा असा अनुभव १७६० साली लिहून ठेवला, म्हणून या अवस्थेला त्याचे नाव आहे. हे वेड नव्हे, बाधा नव्हे, आणि चमत्कारही नव्हे. बहुधा ती चित्रे मुकी असतात, आणि समजावून सांगितले की माणसाला ती खरी नाहीत हे पटते. डॉक्टरांना अवश्य दाखवावे. बरेचजण मात्र लोक वेडे म्हणतील म्हणून कोणाला सांगतच नाहीत. त्यांना आपणहून विचारावे.

यापुढचा मुद्दा नाजूक आहे. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मान हलवतो. पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारण्याची लाज वाटते म्हणून हलवतो. रुग्णालयात शस्त्रक्रियेला संमती, घरात कागदावर अंगठा आणि अखेरच्या दिवसांत एखादा नियम किंवा पच्चक्खाण, या तिन्ही प्रसंगी ती मान हलते आणि आपण तिला होकार समजतो. व्रत हे घेणाऱ्याचे असते. ज्याला ते ऐकूच आले नाही त्याने ते घेतले असे कसे म्हणावे? अशा वेळी यंत्र कानात आहे ना, चष्मा डोळ्यांवर आहे ना, हे पाहावे. सांगून झाल्यावर ‘आता तुम्हीच मला सांगा, काय ठरले?’ असे विचारावे. त्यांच्या तोंडून आले तरच तो होकार. रुग्णालयात नेतानाही चष्मा आणि यंत्र ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवू नये. नावाची चिठ्ठी लावून डबीत घालून बरोबर द्यावे. त्यांच्याविना अनोळखी खोलीत वृद्धांना भ्रम होण्याचा संभव वाढतो.

सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य गणले आहे आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ग्लानाचा, म्हणजे रुग्णाचा, उल्लेख आहे. ते मूळ मुनिसंघासाठी सांगितले, हे खरे. पण आपल्या वृद्धनिवासात तुटपुंज्या पगारावर जी मुलगी आजींच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढते, ती या तपाच्या फार दूर आहे असे मला वाटत नाही. तिचा पगार वाढवावा, ही माझी दुसरी विनंती.

आणि तिसरी व्यावहारिक. निवासात दाखल होणाऱ्या प्रत्येकाचे डोळे व कान पहिल्याच आठवड्यात तपासावेत, नंतर दरवर्षी. आणि खाटेजवळ ठळक अक्षरांत लिहावे, ‘डावा कान बरा, उजवीकडून बोलू नये’, ‘चष्मा दोन, निळ्या डबीतला वाचण्याचा’. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशी साधने देण्यासाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात अंधबधिरत्वाचीही नोंद आहे. समाजातील तरुण वकील व कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले तर कित्येक घरांची सोय होईल.

बाहेर वरच्या पायरीजवळ चपला ठेवल्या आहेत, तेथे उजेड कमी आहे. सभा संपल्यावर ज्येष्ठांना आधी उतरू द्यावे आणि कोणीतरी तेथील दिवा लावावा.